आजींचा ऑक्सिजन आणि मागीलदारची टाकी

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी भोरमधील माझ्या दवाखान्यात पन्नाशीचे एक शेतकरी गृहस्थ आले. भाटघरच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, वेल्हे तालुक्याच्या हद्दीजवळ त्यांची वाडी आहे. (त्या तालुक्याला आता राजगड म्हणू लागले आहेत, आमच्या रुग्णांच्या तोंडी मात्र अजून वेल्हेच आहे.) त्यांच्या आईंना मी सात-आठ वर्षे ओळखतो. वय चौऱ्याहत्तर, आयुष्यात विडी-तंबाखू ठाऊक नाही, आणि तरीही सीओपीडी, म्हणजे श्वासनलिकांचा कायमचा अडथळा. चार महिन्यांपूर्वी पुण्याच्या रुग्णालयातून घरी सोडताना दिवसातून किमान पंधरा तास ऑक्सिजन देण्यास सांगितले होते. त्यासाठी विजेवर चालणारे, हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारे यंत्र घरी आणले होते.

ते गृहस्थ टेबलापलीकडे बसले आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आमच्याकडं लाईट गेली की सहा-सहा तास येत नाही. मागच्या आठवड्यात रात्रभर नव्हती. आई उशीला टेकून बसून राहिली, आम्ही पुठ्ठ्यानं वारा घालत होतो. आमच्या मागीलदारी अण्णांनी बांधलेली गोबरगॅसची टाकी पडून आहे. एक जण म्हणतो, ती चालू करा, संडासही जोडा, छोटं जनरेटर बसवून देतो, चोवीस तास वीज. करू का?"

घरातील वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्यांचे असे प्रश्न हसण्यावारी नेऊ नयेत, असे माझे मत आहे. त्यामागे एका रात्रीची भीती असते. शिवाय कल्पना मुळात खोटी नव्हती. शेण, मैला, सांडपाण्यातील गाळ हे हवा न लागता कुजले की त्यातून ज्वलनशील वायू निघतो. त्यात निम्म्याहून अधिक मिथेन, उरलेला बहुतांश कार्बन डायऑक्साइड आणि थोडा हायड्रोजन सल्फाइड असतो. त्यावर इंजिन चालते, इंजिनावर वीज तयार होते. प्रश्न एवढाच होता की त्या घरात किती वायू निघणार आणि तो कशासाठी वापरावा. मी कागद घेतला आणि आम्ही दोघांनी मिळून हिशेब मांडला. तो हिशेब येथे देतो, कारण असा विक्रेता उद्या तुमच्याही दारी येऊ शकतो.

त्यांच्या गोठ्यात तीन गावठी जनावरे. दिवसभर ती डोंगराला चरायला जातात, म्हणजे हाती लागते ते रात्रीचे शेण, फार तर अठरा किलो. एक किलो शेणापासून साधारण 40 लिटर वायू मिळतो, म्हणजे 700 लिटरच्या आसपास. माणसाच्या मैल्यापासून माणशी रोज 28 लिटर, म्हणजे जुन्या मापाने एक घनफूट. घरात सहा माणसे, म्हणून 170 लिटर. एकूण जेमतेम 900 लिटर, म्हणजे 0.9 घनमीटर. चांगल्या इंजिनात एका घनमीटर वायूपासून दीड युनिट वीज होते. घरगुती छोट्या इंजिनात एक युनिट झाली तरी पुष्कळ. आता ऑक्सिजनचे यंत्र. पाच लिटरचे यंत्र साधारण 350 वॅट खाते. पंधरा तास चालवायचे तर सव्वापाच युनिट लागतात. सगळ्या घराचा आणि सगळ्या गोठ्याचा दिवसभराचा वायू जाळून यंत्र चालणार अडीच-तीन तास.

तोच वायू शेगडीत जाळला तर? एक बर्नर तासाला साधारण 400 ते 450 लिटर वायू घेतो. म्हणजे दोन तास स्वयंपाक. दोन तासांत सहा माणसांच्या भाकरी, कालवण आणि दोन वेळचा चहा होतो. मी त्यांना विचारले, "भाकरी कशावर होतात?"

"चुलीवरच. सिलिंडर आहे, पण तो पाहुणे आले की. गाडी गावात येत नाही, भरून आणायला दिवस मोडतो."

"आणि आजींचं अंथरूण कुठं असतं?"

ते गप्प झाले. अंथरूण स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत होते, कारण पावसात तीच जागा उबदार.

आजींचा आजार कोठून आला हे एवढ्यात कळून चुकते. नवव्या-दहाव्या वर्षापासून चुलीपुढे बसलेली बाई. आमच्या या मावळपट्टीत पाऊस चार महिने धरून असतो. लाकूड ओले, गोवऱ्या सर्द, आणि थंडीवाऱ्यामुळे दारे-खिडक्या बंद. फुंकणी फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी, घशात धूर. वर्षानुवर्षे आम्ही डॉक्टर मंडळी सीओपीडी म्हटले की विडी-सिगारेट विचारत होतो आणि बाईमाणूस असेल तर 'दमा' लिहून मोकळे होत होतो. त्यात मीही होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. चुलीतील लाकूड-गोवऱ्यांचा धूर हे जगभरात या आजाराचे फार मोठे कारण असल्याचे त्यांनी त्यात मांडले. तो वाचल्यावर मी माझे जुने केसपेपर पुन्हा काढून पाहिले होते. ज्या बायकांना मी दम्याची औषधे देत आलो, त्यांपैकी कितीजणी चुलीपुढच्या होत्या हे तेव्हा ध्यानी आले.

म्हणून मी त्या गृहस्थांना सांगितले की टाकी जरूर चालू करा, पण वायू यंत्राकडे नेऊ नका, चुलीकडे न्या. ज्या धुराने आईची फुप्फुसे गेली, तोच धूर ऑक्सिजनची नळी लावलेल्या आईच्या नाकात अजून जातो आहे. तो थांबला नाही, तर यंत्र चोवीस तास चालूनही उपयोग थोडाच. आणि आता भाकरी थापणारी सून चाळीस वर्षांची आहे, तिचीही फुप्फुसे आहेत.

मग वीज कोठे होते? ती जेथे हजारो माणसांचा मैला एका जागी येतो तेथे होते. ही गोष्ट आपल्याकडे शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिची सुरुवात एका रुग्णालयात झाली याचे मला वैद्य म्हणून विशेष वाटते. मुंबईत माटुंग्याला बेघर कुष्ठरुग्णांसाठी महापालिकेचे आयुक्त ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने 1890 साली आश्रयस्थान निघाले. तेथील मैल्याच्या टाक्यांवर 1897 मध्ये वायू गोळा करण्याची व्यवस्था बसवली गेली आणि त्या वायूवर इंजिन चालवले गेले. ज्यांच्या सावलीलाही लोक उभे राहत नव्हते, त्या रुग्णांच्या मैल्यावर इंजिन फिरत होते. जगभरच्या बायोगॅसच्या इतिहासात माटुंग्याचे हे नाव आवर्जून येते. आपल्याला मात्र ते क्वचितच सांगितले जाते.

आज मोठ्या शहरांतील सांडपाणी प्रक्रिया केंद्रांत हेच अधिक शिस्तीने चालते. सांडपाणी निवळते, तळाचा गाळ बंद टाक्यांत नेतात, दोन-तीन आठवडे कुजवतात, वायू धुऊन स्वच्छ करतात आणि इंजिनाला देतात. सुरत महापालिकेने अंजना येथील केंद्रात 2003 साली अर्धा मेगावॉटचा असा संच बसवला. ही वीज बहुतेक ठिकाणी त्या केंद्रातच पंप आणि हवा सोडणारी यंत्रे चालवण्यासाठी वापरली जाते. सांडपाणी शुद्ध करण्यात विजेचा खर्च फार, आणि बिल परवडत नाही म्हणून यंत्रे बंद ठेवली की मैला सरळ नदीत जातो. त्यामुळे मैल्याने स्वतःच्या शुद्धीचा खर्च अंशतः स्वतः भागवावा, यात मोठा अर्थ आहे.

आपल्या राज्यात नाशिकजवळ विल्होळी येथे महापालिकेने जर्मनीच्या जीआयझेड या संस्थेच्या सहकार्याने 2017 साली वेगळा प्रयोग सुरू केला. सार्वजनिक शौचालयांच्या टाक्यांतील मैला आणि हॉटेलांतील ओले खरकटे एकत्र कुजवायचे आणि त्यावर वीज करायची. दिवसाला तीस टनांपर्यंत माल आणि सुमारे 3300 युनिट वीज, अशी त्याची आखणी होती. खरकटे कशाला, असे कोणी विचारील. सेप्टिक टाकीत महिनोन्‌महिने पडलेल्या मैल्यातील जोर तेथेच गेलेला असतो. नुसत्या त्यावर वायू फारसा निघत नाही. खरकट्यात पिठूळ पदार्थ भरपूर, त्याचा वायू लवकर होतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, खरकट्यावर चालणारे घरगुती छोटे संयंत्र याच तत्त्वावर तयार केले आणि त्याला 2006 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळाला. ज्यांच्या घरी जनावरे नाहीत, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आमच्या भोर गावाचा हिशेब मी गंमत म्हणून मांडून पाहिला. 2011 च्या जनगणनेनुसार वस्ती अठरा हजारांच्या आसपास. माणशी 28 लिटर धरले तर 500 घनमीटर वायू, म्हणजे दिवसाला सातशेवर युनिट वीज. हे अर्थात कागदावरचे. सगळा मैला पातळ न होता एका जागी आला तर. पण निम्मे जरी साधले, तरी नीरेकाठच्या गावाला आपले सांडपाणी शुद्ध करताना विजेच्या बिलाचा बाऊ करावा लागणार नाही. पावसाच्या पहिल्या दोन आठवड्यांत माझ्या दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे जे रुग्ण येतात, त्यांत सत्तरीपुढचे लोक सर्वांत लवकर गळून जातात. रक्तदाबाची आणि लघवीची गोळी चालू असलेल्या माणसाला सहा-सात जुलाब झाले की एका दिवसात मूत्रपिंडे रुसतात. सांडपाण्याच्या प्रश्नाकडे मी याच बाजूने पाहतो.

आता पुन्हा त्या वाडीकडे. त्या गृहस्थांच्या प्रश्नात 'संडासही जोडा' असे एक वाक्य होते, आणि मला ते विजेहून महत्त्वाचे वाटले. आपल्याच पुणे जिल्ह्यात, देहूला, डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर नावाचे एमबीबीएस डॉक्टर होते. 1960 च्या सुमारास ते तेथील सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून आले. गावाच्या पोटात जंत, गावाला जुलाब, आणि गावात शौचालये नाहीत. जंताचे औषध द्यावे, रुग्ण बरा व्हावा, आणि दोन-तीन महिन्यांत पुन्हा पोट धरून यावा. औषधांनी हे संपणार नाही हे ओळखून ते शौचालये बांधण्याच्या मागे लागले. पहिल्या प्रयत्नात बांधलेले संडास पावसात खचले. मग कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी तयार केलेला 'सोपा संडास' त्यांनी अभ्यासला आणि पुढे शौचालयाला जोडलेल्या वायुसंयंत्राची 'मलप्रभा' ही रचना पुढे आणली. मैला डोळ्यांनी दिसत नाही, हाताने उचलावा लागत नाही, पाण्याबरोबर थेट टाकीत जातो. डॉ. मापुसकर 2015 मध्ये गेले. 2017 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आम्हा खेड्यातल्या डॉक्टरांपैकी एकाने स्टेथोस्कोप बाजूला ठेवून विटा-सिमेंटचे काम शिकून घेतले, याचा मला हेवा वाटतो.

वाडीवरच्या त्या घरी संडास होता, पण घरापासून पन्नास पावलांवर, उताराला, आणि त्याचा शोषखड्डा पावसात तुंबत असे. मग सगळे पुन्हा ओढ्याकडे. आजींनी त्यावर स्वतःचा उपाय शोधला होता. दुपारी चारनंतर त्या पाणीच पीत नव्हत्या. मी पुष्कळ वृद्ध स्त्रियांकडून हे ऐकले आहे. रात्री परसाकडे जावे लागू नये म्हणून पाणी कमी, त्यातून बद्धकोष्ठ, लघवीला जळजळ, सकाळी उठताना चक्कर. आणि सीओपीडीच्या रुग्णाचा कफ घट्ट होऊन सुटत नाही तो वेगळाच. लेकी-सुनांना हे सांगितले जात नाही. तेव्हा शुश्रूषा करणाऱ्यांनी 'आई, पाणी का पीत नाही?' एवढे विचारून थांबू नये; 'रात्री संडासला जायची भीती वाटते का?' असे स्पष्ट विचारावे. संडास झोपण्याच्या जागेपासून जवळ, पायवाट कोरडी, रात्री दिवा, बसायला कमोड किंवा निदान खुर्ची, आणि भिंतीला धरायला घट्ट दांडी. खुब्याचे हाड मोडलेले माझे निम्म्याहून अधिक रुग्ण पहाटे संडासच्या वाटेवर घसरलेले आहेत.

मी वाडीवर गेलो त्या दिवशी टाकीभोवती सगळे घर जमले होते. लोखंडी झाकण गंजून चाळण झालेले, आत पाला आणि पाणी. अण्णा, म्हणजे आजींचे यजमान, यांनी ती सरकारी अनुदानातून बांधली होती. पंधरा वर्षे चालली, झाकण गंजले, दुरुस्तीला माणूस मिळेना, मग बंद. आमच्या खोऱ्यात अशा टाक्या बऱ्याच घरांमागे दिसतात. आता नवीन बांधायची तर दीनबंधू पद्धतीची पक्क्या घुमटाची बांधावी, तिला लोखंडी झाकण नसते. पंचायत समितीच्या कृषी विभागात अनुदानाची चौकशी करावी. शौचालय जोडलेल्या संयंत्राला थोडे अधिक अनुदान देण्याची पद्धत आहे.

गवंडी आला, मोजमाप झाले, आणि मग आजी पडवीतून, नाकात नळी तशीच, बोलल्या. "संडासच्या गॅसवर केलेली भाकरी मी खायची नाही. नैवेद्य तर नाहीच नाही."

मुलाला राग आला. मला आला नाही. जन्मभर शिवताशिवत पाळलेल्या बाईने एका दुपारी ती सोडून द्यावी अशी अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे. मी त्यांना विचारले, "आजी, शेतात सोनखत घालत होता का पूर्वी?" म्हणाल्या, "घालत होतो की. वांगी कशी यायची." मी पुढे काही बोललो नाही. त्याही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने म्हणाल्या, "शेण आणि ते, वेगळं ठेवता येईल का?" येते. शेणाची टाकी स्वयंपाकाला आणि संडासची छोटी टाकी आंघोळीचे पाणी तापवायला, अशी विभागणी पुष्कळ घरे करतात. खर्च वाढतो, आणि वायू म्हणून पाहिले तर दोन्हींकडे मिथेनच जळतो. पण घरातील सर्वांत वृद्ध माणसाच्या मनाविरुद्ध बांधलेली टाकी वापरात राहत नाही, हे मी पाहिले आहे. शेवटी त्यांनी एकच टाकी शेणासाठी ठेवली आणि संडास घराजवळ नवा, दोन खड्ड्यांचा बांधला. मला ते थोडे खटकले. वायू थोडा कमी मिळणार होता. पण आजी संध्याकाळी पाणी पिऊ लागल्या.

ज्यांच्याकडे संडास जोडलेले संयंत्र आहे किंवा होणार आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी डॉक्टर म्हणून सांगतो. टाकीत कुजल्याने मैल्यातील बरेच जंतू मरतात, पण सगळे नाहीत. गोल जंताची अंडी चिवट असतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून अशा टाकीची स्लरी ताजी कधीच वापरू नये. पालापाचोळ्याबरोबर खड्ड्यात नीट कुजवून, वाळवून मगच शेतात घालावी, आणि कोथिंबीर, मुळा, काकडी अशा कच्च्या खाण्याच्या पिकाला तर मुळीच देऊ नये. स्लरी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. टाकी विहिरीपासून दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावी. संडासात फिनाइल आणि ॲसिड ओतू नये, त्याने टाकीतील कामाचे जंतूच मरतात. साध्या पाण्याने आणि ब्रशने घासावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. टाकीत, मग ती गोबरगॅसची असो, सेप्टिक असो वा जुनी कोरडी दिसणारी असो, कोणीही उतरू नये. निवृत्त झालेले, हातात वेळ असलेले आमचे आजोबा लोक 'बघू तरी काय अडलंय' म्हणून झाकण काढून वाकतात, याची मला फार धास्ती वाटते. हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला की नाक बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणजे 'आता वास गेला' हीच मरणाची खूण असू शकते. आत पडलेल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याला काढायला तिसरा, आणि एकाच घरातील दोन-तीन माणसे जातात. पडलेल्याला वाचवायला उतरू नका. अग्निशमन दलाला आणि 108 ला कळवा, वरून दोर सोडता आला तर सोडा. मजुराला उतरवणे तर 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीत वायू आहे का हे काडी ओढून पाहू नये. वायूच्या नळीला गळती आहे का, हे साबणाचा फेस लावून पाहावे.

ऑक्सिजनच्या यंत्रासाठी आम्ही केले ते असे. 150 अँपिअर-तासाची बॅटरी आणि इन्व्हर्टर घेतला. त्यावर केवळ यंत्र आणि एक दिवा. टीव्ही आणि पंखा त्यावर नको. तीन-साडेतीन तास निघतात. त्यापुढे एक मध्यम आकाराचा, बी प्रकारचा ऑक्सिजन सिलिंडर भरून ठेवला. त्यात सुमारे 1500 लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला दोन लिटर या वेगाने बारा तास पुरतो. वीज मंडळाच्या स्थानिक कार्यालयात 'घरी ऑक्सिजनवरील रुग्ण आहे' असा अर्ज देऊन ठेवला. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणले. आजींचा आकडा 88 ते 92 मध्ये ठेवायचा आहे हे भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिले. या आजारात आकडा 98 करण्याच्या नादात ऑक्सिजन वाढवला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, माणूस गुंगीत जातो. तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राची कळ फिरवू नये.

एक गोष्ट मात्र तातडीची होती, म्हणून ती त्याच दिवशी केली. आजींचे अंथरूण आणि यंत्र स्वयंपाकघरालगतच्या पडवीतून पुढच्या खोलीत हलवले. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्याच्या सान्निध्यात ठिणगी भडकते; पदर आणि अंथरूण तर क्षणात पेटते. चूल असो, गॅसची शेगडी असो, देवापुढची समई असो, ऑक्सिजन चालू असताना निदान दहा फूट लांब. नाकाला कोरड पडते म्हणून तेल, तूप वा व्हॅसलीन लावू नये. पाण्यात विरघळणारे मलम डॉक्टरांकडून मागून घ्यावे. आजींना समई लांब ठेवणे मानवले नाही. त्यांनी तोडगा काढला, सून देवघरात दिवा लावते आणि आजी पुढच्या खोलीतून हात जोडतात.

टाकी दिवाळीआधी सुरू झाली. पहिले दोन आठवडे निघालेला वायू पेटला नाही. सुरुवातीला कार्बन डायऑक्साइड अधिक असतो, तो सोडून द्यावा लागतो. मग निळी ज्योत आली. पौष-माघात थंडीने वायू निम्मा झाला, कारण पंधरा-अठरा अंशांना ते जंतू सुस्तावतात. आता ते शेण कोमट पाण्यात कालवतात आणि टाकीवर पेंढा टाकून ठेवतात. भाकरी गॅसवर होतात. आंघोळीचा बंब मात्र अजून लाकडावरच आहे, पण तो आता मागच्या अंगणात, घराबाहेर गेला आहे.

फाल्गुनात आजी तपासणीला आल्या. आकडा 90. ऑक्सिजन अजून पंधरा तास लागतो आणि लागणारच. गेलेली फुप्फुसे परत येत नाहीत, हे मी त्यांना आणि मुलाला पुन्हा सांगितले. पण हिवाळ्यात एकदाही रुग्णालयात जावे लागले नव्हते. मागील हिवाळ्यात दोनदा जावे लागले होते. सुनेचा सकाळचा खोकला कमी झाला आहे, असे तिने आपणहून सांगितले. तिची फुंकण्याची तपासणी मी लिहून दिली आहे. वीज अजून तशीच जाते. तो जनरेटरवाला पुन्हा येऊन गेला म्हणे. अण्णांनी त्याला चहा दिला, त्याच गॅसवरचा, आणि वाटेला लावले.